रादेक, बेल दाबण्याआधी

दोन जिने चढून उजवीकडचं दार.
लिफ्ट आहे, पण तू जिन्याने जा;
दम लागलेला माणूस कमी खोटं बोलतो.
हे माझं मत. शास्त्र नव्हे.

पैशाचं आधी विचार. लाजू नकोस,
ग्दिनियाच्या बंदरात क्रेन चालवतोस,
महिन्याचा हिशेब तुला तोंडपाठ आहे.
एका तासाचे किती झ्वोटी, पावती मिळते का,
(तास म्हणजे पन्नास मिनिटं, हेही समजून घे)
आणि वाऱ्यामुळे जहाज उशिरा लागलं,
तू पोचलाच नाहीस,
तर रिकाम्या खुर्चीचेही द्यायचे का.
माझ्याकडून घेतले. दोनदा.
पहिल्यांदा मी जिन्यातच शिव्या घातल्या.
दुसऱ्यांदा लक्षात आलं,
मी नव्हते तेव्हाही ती पन्नास मिनिटं
कुणीतरी माझ्या नावावर धरून ठेवली होती.
असं याआधी कोणी केलं होतं?

शिकलीस कुठे, विचार.
तू चुकलीस तर तुझे कान कोण धरतं, तेही विचार.
पितळी पाटी काय, कुणीही ठोकतो.
मी आधी ऑर्वोवोला गेले होते एकाकडे,
खिडकीत समुद्र, भिंतीभर पुस्तकं.
तो त्याच्या घटस्फोटाचं सांगत राहिला.
रडायला मी गेले होते, रुमाल त्याला दिला,
आणि निघताना पैसेही मीच मोजले.
दुसऱ्यांदा गेले नाही.
न जाणं हाही आपला हक्क असतो,
हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सेवेरिना डॉक्टर नाही. गोळ्या देत नाही.
गळ्यात पडणार नाही, नाताळात घरी येणार नाही,
दुकानात दिसली तर तू ओळख दाखवल्याशिवाय
तीही दाखवणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.
सांगितलेलं त्या खोलीतच राहतं.
कुठवर राहतं, ते मात्र तिलाच विचार.
जिवावर बेतलं, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या,
तर दार उघडावं लागेल,
हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
म्हणून तर मी बाकीचं सांगू शकले.

लगेच नाही. तीन आठवडे
मी फक्त घरातल्या बॉयलरबद्दल बोलले.
गळतो, गुरगुरतो, रात्री अचानक पेटतो.
चौथ्या आठवड्यात तो बॉयलर माझा बाप निघाला.

मधे एक फेब्रुवारी असा येईल
की वाटेल, न गेलेलंच बरं होतं.
माझं सूप तेव्हा महिनाभर खारट झालं,
तुम्ही सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लंत.
सोडायचंच झालं तर सांगून सोड,
फोनवर चार शब्द टाकून नको.
‘माझं तुझ्याशी जमत नाही’
हेसुद्धा त्याच खुर्चीत बसून म्हणता येतं,
आणि खुर्ची मोडत नाही.

फाबियानचं नाव मी तुझ्यापुढे काढणार नाही.
कँटीनमध्ये त्याचा निळा मग तसाच आहे,
कोणी उचलत नाही, कोणी फेकत नाही.
दोर सुटला त्या दिवशीपासून
तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोस.
मी खिडकीतून वाढते, मला हात दिसतात.

बसलास की ती काही बोलणार नाही.
अर्धा मिनिट. कधी जास्त.
तो धाक नसतो, रादेक.
कंटेनर हवेत झुलत असतो
तेव्हा तू काय करतोस?
घाई करत नाहीस. खाली ओढत नाहीस.
झोका विरेपर्यंत थांबतोस,
मग टेकवतोस.

आईला सांग, दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो.
मी वर्षभर तेच सांगितलं.
म्हणाली, बोगना, किती गं दात आहेत तुला.